आठ रविवार आणि पुठ्ठ्याची एक चौकट: गिरगावातल्या एका छायाचित्रण वर्गाचा अनुभव

गिरगावातल्या एका जुन्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला असलेल्या खोलीत, वर्षातून दोनदा छायाचित्रणाचा एक वर्ग भरतो. त्याला नाव नाही, दारावर पाटी नाही आणि त्याची जाहिरातही कुठे होत नाही. अनेक वर्षे वृत्तपत्रांत छायाचित्रकार म्हणून काम करून निवृत्त झालेले एक गृहस्थ तो चालवतात. आम्ही सगळे त्यांना नुसते ‘सर’ म्हणत होतो आणि या परीक्षणातही मी तसेच म्हणणार आहे, कारण नाव आणि पत्ता कुठे छापायचा नाही ही त्यांची प्रवेशाच्या वेळचीच अट आहे. खोलीत बारा माणसांच्या पलीकडे तेरावे मावत नाही, एवढेच त्यामागचे कारण. आठ रविवार, सकाळी सात ते दहा, शुल्क साडेसात हजार रुपये, आणि त्यात वीस प्रिंटांचा खर्च धरलेला. मी नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या रविवारपर्यंतचा वर्ग केला. पैसे वसूल झाले का, असे विचारणाऱ्यांसाठी आधीच सांगते की झाले; मात्र एका बाबतीत मी या वर्गावर नाराज आहे आणि ती बाब किरकोळ नाही.

वर्गाला जाण्यापूर्वी माझ्याकडे चार वर्षे वापरलेला, १८ ते ५५ मिलिमीटरची लेन्स असलेला साधा डीएसएलआर कॅमेरा होता आणि संगणकात सहा हजारांच्या आसपास छायाचित्रे होती. शटर (प्रकाश किती वेळ आत येतो), छिद्र (किती मोठ्या वाटेने येतो) आणि आयएसओ (कॅमेऱ्याचा सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील आहे) यांचे नाते मी फुकटच्या व्हिडिओंतून शिकले होते आणि ते मला चांगले समजलेही होते. माझी छायाचित्रे हललेली नसत, काळवंडलेली नसत, क्षितिजही सरळ असे. तरीसुद्धा तारकर्लीचा समुद्र, रायगडाचा होळीचा माळ आणि भाचीचे बारसे हे तिन्ही विषय मी एकाच निर्विकारपणे टिपलेले होते. फोटो बघणारा ‘छान’ म्हणून पुढचा फोटो सरकवत असे. तांत्रिक चूक सापडत नसताना चित्र बेचव का होते, हा माझा प्रश्न होता. बँकेतल्या एका सहकाऱ्याने या वर्गाचे नाव काढले तेव्हा मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो तिथे कोणते सॉफ्टवेअर शिकवतात हा. तो नुसता हसला.

पहिल्या रविवारी सरांनी सगळ्यांचे कॅमेरे आणि मोबाइल गोळा करून गोदरेजच्या कपाटात ठेवले आणि प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याची एक चौकट दिली. पोस्टकार्डापेक्षा जरा मोठा काळा पुठ्ठा, त्यात मधोमध सहा सेंटिमीटर बाय चार सेंटिमीटरची खिडकी, आणि खालच्या कोपऱ्याला बांधलेली वीतभर सुतळी. सुतळीचे दुसरे टोक गालाच्या हाडाशी धरायचे, म्हणजे चौकट डोळ्यापासून नेहमी एकाच अंतरावर राहते. एक डोळा मिटायचा आणि चाळीच्या गॅलरीत तीन तास फिरायचे. मला वाटले की साडेसात हजारांत आपली चांगलीच फसवणूक झाली. पहिला अर्धा तास मी चौकटीतून तेच बघितले जे एरवी बघितले असते, म्हणजे समोरच्या चाळीचे नक्षीदार कठडे, वाळत घातलेली धुणी आणि तुळशीची कुंडी.

त्यानंतर जे झाले त्याचे कारण सरांनी नंतर सांगितले. दोन डोळ्यांनी बघताना आपल्याला अंतराचा अंदाज येत असतो, त्यामुळे मागचा नळ आणि पुढचा माणूस हे मेंदूत आपोआप सुटे राहतात. कॅमेऱ्याला मात्र एकच डोळा आहे. त्याच्या लेखी नळ माणसाच्या डोक्यातूनच उगवलेला असतो, आणि आपण घरी येऊन चित्र बघतो तेव्हा आपल्याला त्याचे आश्चर्य वाटते. एक डोळा मिटून चौकटीतून बघितले की जग सपाट होते, वस्तू एकमेकींना चिकटतात, कापतात, झाकतात. आणि अर्धे पाऊल डावीकडे सरकले तर त्या सुटतात. त्या दिवशी नऊच्या सुमाराला कठड्याच्या गजांची सावली तिरकी होत होत समोरच्या दारावरच्या रांगोळीच्या ठिपक्यांना जाऊन भिडली, आणि दोन्ही मिळून काही तरी तिसरेच दिसू लागले. मी कॅमेरा शोधायला हात खांद्याकडे नेला आणि तो कपाटात आहे हे आठवले. तशी चुटपुट मला सहा हजार फोटोंत एकदाही लागली नव्हती.

आपल्या भाषेत दिसणे वेगळे, बघणे वेगळे, निरखणे वेगळे आणि हेरणे तर त्याहून वेगळे. सर यांतला ‘हेरणे’ हाच शब्द वापरतात. प्रकाश कुठून कुठे सरकणार हे आधी हेरून ठेवावे, मग तिथे येणाऱ्या माणसाची वाट पाहावी, असा त्यांच्या शिकवण्याचा क्रम आहे, आणि वर्तमानपत्राच्या धावपळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने थांबण्यावर इतका भर द्यावा याची मला गंमत वाटत राहिली.

दुसऱ्या रविवारी कॅमेरे परत मिळाले, परंतु अटींसह. झूम लेन्सच्या कड्यावर सरांनी स्वतः चिकटपट्टी लावून ती ३५ मिलिमीटरवर बांधून टाकली. आमच्यासारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांत ३५ मिलिमीटरची लेन्स जेवढे दृश्य घेते तेवढेच साधारणपणे जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यात ५० मिलिमीटरची लेन्स घेत असे, आणि फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपले बहुतेक सगळे काम त्याच ५० मिलिमीटरवर केले, एवढेच स्पष्टीकरण मिळाले. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल होता त्यांना दुप्पट मोठे करून म्हणजे ‘२एक्स’वर काम करायला सांगण्यात आले, कारण मोबाइलचा मुख्य कॅमेरा बराच रुंद बघतो आणि त्याच्या चौकटीत नको ते सगळे येते. दुसरी अट छत्तीसची. फिल्मच्या रोलमध्ये छत्तीस फ्रेम असत, म्हणून सकाळभरात छत्तीसच वेळा बटण दाबायचे आणि काढलेले चित्र पडद्यावर तपासायचे नाही. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर काळा कागद चिकटवलेला होता.

विषय होता चाळीचा लाकडी जिना, आणि फक्त जिनाच. मला या अभ्यासाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण या वर्गातली सर्वांत मोलाची गोष्ट मला तिथे मिळाली. मुंबईच्या जुन्या चाळींतले लाकडी जिने ज्यांनी चढले आहेत त्यांना माहीत आहे की मधोमध पावलांनी झिजून पायऱ्यांना खोलगट वाटीसारखा आकार येतो. सात वाजता जिना जवळजवळ काळोखा होता. तळाशी दारातून येणारा राखाडी उजेड तेवढा होता. मी घाईघाईने अकरा फ्रेम संपवल्या आणि आठ वाजता माझ्या लक्षात आले की त्या अकराही एकाच उंचीवरून, उभ्यानेच, डोळ्यांच्या रेषेत काढलेल्या आहेत. मग मी तिसऱ्या पायरीवर बसले. खालून एक आजी दुधाची पिशवी घेऊन वर आल्या आणि ‘बाई, फोटो काढायला हाच जिना मिळाला होय?’ असे म्हणत कठड्याला धरून माझ्या अंगावरून गेल्या. त्यांचा हात कठड्याच्या ज्या भागावर पडला तो भाग बाकीच्या लाकडापेक्षा चकचकीत होता. त्यानंतर मला सगळ्या जिनाभर हातांनी घासून गुळगुळीत झालेल्या जागा दिसू लागल्या: वळणावरची मूठ, मधल्या मजल्यावरचा खांब, लहान मुलांच्या उंचीवर गेलेली एक दुसरी चकचकीत रेघ. साडेआठला पूर्वेच्या झरोक्यातून ऊन आले आणि त्या सगळ्या जागा एकदम उजळल्या, कारण गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाश एका दिशेने परतवतो आणि खरबरीत पृष्ठभाग तो विखरून टाकतो. शेवटच्या नऊ फ्रेम मी त्या लहान मुलांच्या रेघेवर खर्च केल्या. त्यांतली एक माझ्या वीस प्रिंटांत आहे आणि ती बघणारा निदान विचारतो की हे काय आहे.

तिसऱ्या रविवारचा विषय उघड तांत्रिक होता आणि सरांनी तो छान मांडला. सुती पांढरी टोपी, कच्चे तांदूळ आणि कोंबडीचे अंडे पांढऱ्या कागदावर ठेवून आम्ही कॅमेऱ्याच्या स्वयंचलित मापनावर फोटो काढले. सगळे करडे आले. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे पांढरी वस्तू तो गडद करतो आणि काळी वस्तू फिकी करतो. वकिलाचा काळा कोट आणि डबेवाल्याची पांढरी टोपी एकाच स्वयंचलित सेटिंगवर वेगवेगळी टिपली तर दोन्ही करड्याकडे झुकतात. पांढऱ्यासाठी मापन एका पायरीने वाढवायचे, म्हणजे प्रकाश दुप्पट घ्यायचा, आणि काळ्यासाठी कमी करायचे, हे मला पुस्तकी भाषेत माहीत होते. परंतु तो तांदूळ करडा पडलेला स्वतः बघेपर्यंत त्याचा माझ्या कामाशी संबंध आहे असे मी कधी धरलेच नव्हते. माणसाचा डोळा पांढऱ्याला नेहमी पांढरेच मानतो. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली आणि खिडकीच्या निळसर उजेडात आपल्याला भात सारखाच पांढरा दिसतो, कारण मेंदू मध्ये दुरुस्ती करत असतो. छायाचित्र शिकणाऱ्याने ही दुरुस्ती तात्पुरती बाजूला ठेवायला शिकायचे, हे सरांचे म्हणणे मी वहीत लिहून घेतले आहे.

चौथ्या रविवारी आम्ही दादरच्या फूलबाजारात गेलो, त्याविषयी पुढे लिहिते. पाचव्या रविवारी वर्ग अपवादाने संध्याकाळी होता, मरीन ड्राइव्हवर. तिथले जुने पिवळे सोडियमचे दिवे काढून २०१५ साली पांढरे एलईडी बसवायला सुरुवात झाली तेव्हा शहरात मोठा वाद झाला होता, हे अनेकांना आठवत असेल. तो वाद मला तेव्हा केवळ भावनेचा वाटला होता. सोडियमच्या दिव्यात पिवळा-नारिंगी प्रकाश इतका प्रबळ असतो की निळी साडी त्याखाली काळपट दिसते आणि चेहऱ्यांचे रंग एकमेकांत मिसळून जातात. एलईडीखाली रंग सुटे होतात, पण सावल्यांच्या कडा करवतीसारख्या येतात. म्हणजे दिवे बदलल्याने त्या कठड्यावर बसलेल्या माणसांचे चित्र खरोखरच बदलले होते. याच संध्याकाळी आणखी एक उपयुक्त गोष्ट कळली. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तनांचा असल्यामुळे काही एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आणि शटर फार वेगवान ठेवले तर चित्रावर आडवे पट्टे येतात. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर आणले की ते जातात. लोकलच्या डब्यात काढलेल्या माझ्या कित्येक फोटोंवर असे पट्टे होते आणि त्याचा दोष मी इतके दिवस कॅमेऱ्याला देत होते.

सहावा रविवार डिसेंबरातला तिसरा. त्या दिवशी सर वर्ग दहाला सोडत नाहीत. सगळ्यांनी दुपारपर्यंत गिरगाव चौपाटीवर थांबायचे असते. वाळूत पाच फुटांचा बांबू रोवून दर पंधरा मिनिटांनी त्याच्या सावलीचे टोक शंखाने खुणावून ठेवायचे. घड्याळात बारा वाजले तरी सावली आखूड होतच राहिली, ती साडेबारा उलटेपर्यंत. भारताचे घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे आणि मुंबई त्र्याहत्तर अंशांच्या जवळ, म्हणजे बरीच पश्चिमेला आहे. त्यामुळे मुंबईचा सूर्य घड्याळापेक्षा अर्ध्या तासाहून अधिक मागे चालतो. शिवाय डिसेंबरात तो माथ्यावर येतच नाही. ऐन मध्यान्हीलासुद्धा पाच फुटांच्या बांबूची सावली साडेचार फुटांच्या आसपास होती. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात हीच सावली काही क्षण बांबूच्या पायाशी नाहीशी होते. ‘दुपारच्या उन्हात फोटो काढू नयेत’ हा नियम मी सगळीकडे वाचला होता. मुंबईत तो मे महिन्याला लागू आहे आणि डिसेंबराला नाही, हे शहरात चाळीस वर्षे राहून मला त्या बांबूने सांगितले. बापलेकांच्या जोड्या, भेळवाले आणि वाळूत पालथी पडलेली कुत्री यांच्या बाजूला पडणाऱ्या लांब, स्वच्छ सावल्या मी त्या दुपारी टिपल्या. थंडीतल्या धुरकट हवेत ऊन जरा मंद असते, एवढेच धरून चालायचे. एफ १६ या लहान छिद्राला शटर आयएसओच्या आकड्याइतका ठेवायचा (आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग) हा भर उन्हाचा जुना हिशोब तेव्हा एका पायरीने सैल करावा लागतो.

सातव्या रविवारी सरांनी आपल्या कपाटातली पुस्तके आणि कात्रणे काढली. मुंबई आणि छायाचित्रण यांचे नाते जुने आहे, याची कल्पना मला नव्हती. दागेरने छायाचित्रणाचे आपले तंत्र पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर केले आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापनही झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये हा विषय शिकवला जाऊ लागला. फाळके यांनी १९१३ सालच्या आपल्या पहिल्या चित्रपटाआधी कुंडीतल्या वाटाण्याचे रोप रोज थोडे थोडे चित्रित करून त्याची वाढ पडद्यावर दाखवली होती, ती हकिगत सरांनी विशेष रंगवून सांगितली. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला जे. जे. स्कूलमध्ये शिकत असताना त्यांनी काढलेली मुंबईची आरंभीची छायाचित्रे त्यांच्या पतीच्या नावाने छापली जात, हेही त्याच दिवशी कळले. गौतम राजाध्यक्ष यांनी टिपलेल्या चेहऱ्यांवरचा मऊ प्रकाश आणि छायाचित्रकार रघुवीर सिंह यांच्या रंगीत मुंबईतली दुकानांच्या काचांमधली प्रतिबिंबे शेजारी शेजारी ठेवून आम्ही तासभर बघितली. एकाच शहरात एकाने माणसाभोवतालचे सगळे काढून टाकले आहे आणि दुसऱ्याने सगळे आत घेतले आहे. तरी दोन्हीकडे कशाला हात लावावा असे वाटत नाही. हा सगळा भाग उत्तम होता, मात्र तो सातव्या रविवारी का ठेवला आहे हे मला कळले नाही. तो दुसऱ्या रविवारी झाला असता तर मधल्या आठवड्यांत डोळ्यांसमोर काही तरी राहिले असते.

आता तक्रार. दादरच्या फूलबाजारात आम्ही पहाटे साडेपाचला पोहोचलो. झेंडूचे ढीग, ओल्या गोणपाटांवरचा दिव्यांचा उजेड, डोक्यावर टोपल्या घेऊन ओरडत जाणारे हमाल: विषयांची अजिबात उणीव नव्हती. पण तिथे माणसे कामावर होती. आमच्या बारा जणांनी त्यांच्या वाटेत उभे राहून, बसून, ओणवे होऊन बटणे दाबली. गजऱ्यांसाठी मोगरा निवडत बसलेल्या एका बाईंनी पदर तोंडावर ओढला, तरी आमच्यातल्या एकाने त्या ओढलेल्या पदराचाच फोटो काढला, आणि पुढच्या रविवारी सरांनी त्या फोटोच्या रचनेचे कौतुक केले. एका झोपलेल्या हमालाचेही तसेच झाले. माणसाला विचारावे का, विचारले तर क्षण जातो त्याचे काय करावे, नाही म्हणाला तर चित्र पुसावे का, या प्रश्नांना सरांनी ‘वर्तमानपत्रात विचारत बसायला वेळ नसतो’ एवढेच उत्तर दिले. वर्तमानपत्राला बातमीचे कारण असते. आम्हाला रविवारच्या गृहपाठाव्यतिरिक्त कोणते कारण होते? याच शहरात छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांमध्ये दीर्घकाळ वावरून त्यांची छायाचित्रे काढली, आणि त्या चित्रांतली माणसे कॅमेऱ्यापासून तोंड लपवत नाहीत. जिन्यापाशी तीन तास थांबायला शिकवणारा शिक्षक माणसापाशी पाच मिनिटे थांबायला शिकवत नाही, ही मला या वर्गातली सर्वांत मोठी उणीव वाटते. मी हे सरांना बोलून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले, उत्तर दिले नाही. त्या बाईंचा पदर मी पुन्हा एकदा, एकटी, कॅमेऱ्याशिवाय जाऊन बघितला. त्यांनी मला ओळखले नाही आणि मी मोगरा घेऊन परतले.

बाकीच्या तक्रारी लहान आहेत. संगणकावर चित्र दुरुस्त करण्याविषयी या वर्गात जवळजवळ काहीच सांगितले जात नाही. ज्यांना ते हवे आहे त्यांनी दुसरीकडे जावे. मोबाइलवाल्यांकडे सरांचे लक्ष कमी असते, आणि बारा जणांत असे चौघे होते. पैसे रोखच द्यावे लागतात. जिना अरुंद आणि उभा आहे, गुडघ्याचा त्रास असलेल्यांना तो कठीण जाईल. स्वच्छतागृह मजल्यावरचे सामाईक आहे. वर्ग सातला म्हणजे साताला सुरू होतो, आणि मुलुंडहून दादरला गाडी बदलून चर्नी रोडला पोहोचायचे तर मला पाच वाजून चाळीस मिनिटांची लोकल पकडावी लागे. परतताना मात्र मेगाब्लॉकच्या आधी घरी पोहोचता येते. सरांनी दहाची वेळ त्यासाठीच ठेवली आहे असे चाळीतले लोक सांगतात.

आठव्या रविवारी प्रिंट बघण्याचा कार्यक्रम असतो. प्रत्येकाच्या वीस चित्रांचे चार बाय सहाचे मॅट प्रिंट सर एका ओळखीच्या दुकानातून काढून आणतात, खोलीत सतरंजीवर मांडतात आणि सगळे उलटे करतात, म्हणजे डोके खाली. उलट्या चित्रात चेहरा चेहरा राहत नाही आणि समुद्र समुद्र राहत नाही. उजेडाचा आणि काळोखाचा तोल तेवढा दिसतो. कोणत्या चित्रात एक कोपरा जड होऊन सगळे त्या बाजूला घसरते आहे हे शाळकरी मुलालाही कळावे, इतके ते स्पष्ट असते. माझ्या वीसांपैकी तेरा चित्रे सरांनी पाच मिनिटांत बाजूला सारली. त्यांतली दोन मला अजूनही आवडतात आणि त्याबाबत माझे मत बदललेले नाही. उरलेल्या सातांवर अर्धा तास चर्चा झाली. एवढा वेळ प्रत्येकाला मिळाला असता तर बरे झाले असते, पण शेवटच्या तिघांच्या वेळी साडेदहा वाजून गेले होते आणि त्यांची चर्चा उरकल्यासारखी झाली. या कार्यक्रमाला दोन रविवार द्यायला हवेत.

मुंबईत शिकण्याच्या इतर वाटा आहेतच. फोर्टमध्ये १९३७ साली स्थापन झालेली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया आहे, जे. जे.च्या उपयोजित कला संस्थेत छायाचित्रण हा विषय आहे, आणि एनसीपीएच्या पिरामल गॅलरीत किंवा जहांगीर कलादालनाच्या भिंतींवर चांगली चित्रे बघायला मिळतात. ज्याला लग्नाचे फोटो काढून व्यवसाय करायचा आहे, फ्लॅशची जुळणी शिकायची आहे किंवा प्रमाणपत्र हवे आहे, त्याने गिरगावचा जिना चढू नये. तिथे प्रमाणपत्र मिळत नाही. नवा कॅमेरा घेण्याच्या विचारात असलेल्यांनी मात्र बोरा बाजारात जाण्याआधी हा वर्ग करावा. आमच्यापैकी तिघे महागडी लेन्स घेण्याचे ठरवून आले होते आणि आठव्या रविवारपर्यंत तिघांनीही ती घेतली नव्हती. दुकानदारांना हे वाचून वाईट वाटेल.

वर्गातून बाहेर पडल्यावर माझ्या चित्रांची संख्या घटली आहे. महिन्याला चाळीस-पन्नासच्या वर जात नाही. लोकलमध्ये मी कॅमेरा काढतच नाही, पण मशीद बंदरच्या पुलाखालून गाडी जाताना डब्यातल्या सगळ्या चेहऱ्यांवरून एकदम सावली सरकत जाते ती मला रोज दिसते, आणि ती कितव्या सेकंदाला येणार हे आता माहीत आहे. लेन्सच्या कड्यावरची चिकटपट्टी मी अजून काढलेली नाही.

पुढचा वर्ग पावसाळ्यात सुरू होईल असे सर म्हणाले होते. छत्री न्यावी, कारण जिन्याच्या वरच्या टोकाला पाणी गळते. पहिल्या दिवशी मिळणारी पुठ्ठ्याची चौकट शेवटच्या दिवशी परत करावी लागते आणि सर ती मोजून घेतात. माझी सुतळीसकट परत केली. त्याच संध्याकाळी बुटांच्या खोक्याचे झाकण कापून मी तशीच दुसरी तयार केली. खिडकी थोडी वाकडी आली आहे.